अंदाज आणि माप

आदिलाबाद जिल्ह्यातील तामसी हे गाव कापूस पिकविणाऱ्या मुलखात वसलेले आहे. पैनगंगा तेथून दूर नाही आणि पैनगंगेपलीकडे महाराष्ट्र आहे. या गावातील एखादा शेतकरी बांधावर उभा राहून खिशातील फोनला आपले ठिकाण विचारतो, तेव्हा त्याचे उत्तर सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रहांच्या संदेशांवरून काढलेले असते. ते संदेश वाटेत एका विलक्षण थरातून येतात. त्या थराला आयनांबर म्हणतात. त्याच्याविषयी बांधलेले अंदाज खरे की खोटे, हे कसे पारखतात, याचा आज विचार करू.

आयनांबर सुमारे ६० किलोमीटरपासून १,००० किलोमीटर उंचीपर्यंत पसरलेले आहे. सूर्याच्या जंबुपार आणि क्ष-किरणांमुळे तेथील विरळ हवेतील अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होतात. नभोवाणीच्या जुन्या श्रोत्यांना हा थर अपरिचित नाही. लघुलहरींवरून दूरदेशीचे गाणे घरात येई, ते याच थरावरून परावर्तित होऊन. त्याचे अस्तित्व ॲपल्टन यांनी १९२४ साली प्रयोगाने सिद्ध केले आणि १९४७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

उपग्रहांच्या लहरी या थरातून आरपार येतात खऱ्या, परंतु त्यांना थोडा उशीर होतो. एक चौरस मीटर पायाचा, थेट उपग्रहापर्यंत पोहोचणारा खांब कल्पावा आणि त्यातील इलेक्ट्रॉन मोजावे. एकावर सोळा शून्ये इतके इलेक्ट्रॉन म्हणजे एक एकक. जी.पी.एस.च्या मुख्य लहरीवर दर एककामागे अंतर सुमारे १६ सेंटिमीटरांनी चुकते. सूर्य तेजीत असताना भारतावर दुपारी १०० एककेही भरतात, म्हणजे चूक १६ मीटरांची! बांध शोधणाऱ्याचे त्यात फारसे बिघडणार नाही, पण ढगांतून धावपट्टीकडे उतरणाऱ्या विमानाला ही चूक परवडणारी नाही.

म्हणून इलेक्ट्रॉनांचा अंदाज देणारी गणिती प्रतिमाने रचली गेली. ‘आंतरराष्ट्रीय संदर्भ आयनांबर’ या प्रतिमानाचे काम १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले. स्थळ, महिना, तास आणि सूर्याची स्थिती सांगितली, की ते त्या वेळचे सरासरी आयनांबर सांगते. ‘सरासरी’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. मृगात पाऊस येतो, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे आणि तो खोटा नाही. परंतु यंदाच्या मृगात किती पडला, ते तहसिलीतील पर्जन्यमापकच सांगतो.

आयनांबराचे पर्जन्यमापकही आहेत. दोन निरनिराळ्या कंप्रतांच्या लहरी पकडणारे ग्राहकयंत्र त्यांपैकी एक. दोन्ही लहरींना सारखा उशीर होत नाही. त्या फरकावरून वाटेतील इलेक्ट्रॉन मोजता येतात. हे माप प्रतिमानाच्या आकड्याशेजारी मांडले, की परीक्षा सुरू होते.

परीक्षेत तीन पथ्ये पाळावी लागतात. पहिले असे, की सरासरी चुकीवर भिस्त ठेवू नये. सकाळी दहा एककांनी अधिक आणि सायंकाळी दहा एककांनी उणे सांगणाऱ्या प्रतिमानाची सरासरी चूक शून्य भरते! दुसरे, ज्या नोंदींवरून प्रतिमान घडविले त्याच नोंदींवर त्याची परीक्षा घेऊ नये. धड्यातलेच गणित परीक्षेत घातले, तर विद्यार्थ्याची समज कळत नाही. तिसरे, मापही तपासून घ्यावे. ग्राहकयंत्र स्वतःच दोन लहरींना कमीअधिक उशीर लावते. तो वजा केला नाही, तर यंत्राचा दोष प्रतिमानाच्या माथी येतो.

दुसऱ्या पथ्याचे महत्त्व २००८–०९ साली दिसून आले. त्या काळात सूर्य असाधारण शांत होता. प्रतिमान घडले होते ते आधीच्या, अधिक सक्रिय सूर्याच्या नोंदींवरून. ‘चॅम्प’ आणि ‘ग्रेस’ या उपग्रहांची मापे आली, तेव्हा प्रतिमान इलेक्ट्रॉनांची घनता प्रत्यक्षाहून बरीच अधिक सांगत असल्याचे आढळले.

आपल्या देशावर ही परीक्षा अधिकच कठीण आहे. चुंबकीय विषुववृत्त दक्षिण भारतावरून जाते. थुंबा येथे १९६३ साली अग्निबाण-केंद्र उभारले गेले, ते याच कारणाने. त्या रेषेवर दिवसा इलेक्ट्रॉन कारंज्याप्रमाणे वर चढतात आणि दोन्ही बाजूंना खाली उतरतात. त्यामुळे त्यांची सर्वांत दाट रास रेषेवर न पडता उत्तरेस, गुजरात व मध्य प्रदेशाच्या आकाशात पडते. तामसीचे आकाश या राशीकडे जाणाऱ्या चढणीवर आहे. चढण रोज सारखी नसते. काहीशे किलोमीटरांत आकडा पुष्कळ बदलतो. सपाट प्रदेशासाठी केलेला हिशेब येथे लागू पडत नाही.

‘गगन’ ही भारतीय यंत्रणा हेच काम करते. तिच्या पंधरा संदर्भकेंद्रांपैकी एक नागपूरला आहे. ३५० किलोमीटर उंचीवर पाच-पाच अंशांचे चौकोन कल्पून त्यांच्या कोपऱ्यांवरील दुरुस्ती ती प्रसारित करते. तामसी ज्या चौकोनाखाली येते, त्याचे कोपरे १५ व २० उत्तर अक्षांश आणि ७५ व ८० पूर्व रेखांश यांवर आहेत. गावावर यंत्र नसले, तरी नागपूरचे यंत्र दक्षिणेकडील उपग्रह पाहते, तेव्हा त्याची तिरपी दृष्टिरेषा तामसीवरच्या आकाशातून जाऊ शकते. अशी मापे मुद्दाम बाजूला ठेवावी, उरलेल्या केंद्रांवरून तेथील आकडा काढावा आणि मग दोहोंची तुलना करावी. ही खरी कसोटी होय.

‘गगन’ला विमानप्रवासासाठी पहिली मान्यता ३० डिसेंबर २०१३ रोजी मिळाली. उतरतानाच्या उभ्या मार्गदर्शनाची मान्यता २१ एप्रिल २०१५ रोजी मिळाली. तिचा विशेष असा, की प्रत्येक दुरुस्तीबरोबर ‘चूक याहून मोठी नसावी’ अशी मर्यादाही ती कळविते. मे २०२४ मधल्यासारखे प्रचंड सौर वादळ आले, की अशी मर्यादा वाढवावी लागते आणि मर्यादा फार वाढली, तर वैमानिकाने दुसऱ्या साधनाकडे वळावयाचे असते.

श्रोतेहो, चुकत नाही असा अंदाज शास्त्रापाशी नाही. आपला अंदाज कोठे आणि किती चुकेल, हे आधी मोजून सांगण्याचा प्रामाणिकपणा मात्र त्याच्यापाशी आहे. ज्या गावाच्या आकाशाखाली एकही यंत्र नाही, त्या गावाचा भरवसा त्या प्रामाणिकपणावरच असतो.