‘नेट गेलं’ म्हणजे नेमकं काय गेलं?

४ ऑक्टोबर २०२१, सोमवारची रात्र. नऊ वाजून गेले होते आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेजपुढचं ते बारकं घड्याळ हलायला तयार नव्हतं. घरोघरी राऊटर बंद करून पुन्हा चालू करून झाले, नेटवाल्याला दोन शब्द सुनावून झाले. ‘नेट गेलं’ यावर एकमत होतं. तिकडे यूट्यूब चालू होतं, ईमेल जात होते, बातम्यांची पानं उघडत होती. नेट कुठंही गेलेलं नव्हतं.

‘लाईट गेली’ म्हणतो तसंच आपण ‘नेट गेलं’ म्हणतो, आणि बहुतेक गैरसमजांचं मूळ तिथंच आहे. कुठंतरी एक मोठं केंद्र असणार, तिथून नेट सोडत असणार, आणि कुणीतरी बटण दाबलं की ते बंद होत असणार. असं केंद्र नाही. इंटरनेट म्हणजे सत्तर हजारांहून जास्त स्वतंत्र नेटवर्कांची सोयरीक आहे: टेलिकॉम कंपन्या, विद्यापीठं, बँका, सरकारी खाती. मालक वेगळे, यंत्रं वेगळी, पण बोलायचे नियम एकच. विंट सर्फ आणि बॉब कान या दोघांनी पाया घातलेले हे टीसीपी आणि आयपी नावाचे नियम अमेरिकेतल्या अर्पानेट या नेटवर्कने १ जानेवारी १९८३ रोजी स्वीकारले. सरकार एखाद्या जिल्ह्यातलं नेट बंद करतं तेव्हाही ते इंटरनेटचं बटण दाबत नसतं. तिथल्या कंपन्यांना आपापले रस्ते अडवायला सांगत असतं, एवढंच.

यातलं प्रत्येक नेटवर्क शेजाऱ्यांना सतत सांगत असतं, ‘अमुक अमुक पत्ते माझ्याकडून जाता येतात.’ शेजारी ते पुढच्याला सांगतो. या दवंडीवरच जगभरचे राऊटर वाट ठरवतात. त्या सोमवारी फेसबुकमध्ये नेहमीची देखभाल चालू असताना एका चुकीच्या आज्ञेमुळे कंपनीचीच डेटा सेंटर एकमेकांपासून तुटली. हे लक्षात येताच नावावरून पत्ता सांगणाऱ्या तिच्या यंत्रांनी (डीएनएस) आपली दवंडी मागे घेतली. मग काय, जगातल्या राऊटरांच्या लेखी ते गावच नकाशावरून पुसलं गेलं. व्हॉट्सअ‍ॅप त्याच मालकाचं, तेही बुडालं. दुरूनही काही करता येईना, कारण दुरून जायची वाटही तीच होती. इंजिनिअरांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये शिरावं लागलं. सहा तासांच्या आसपास हा गोंधळ चालला.

दुसरी ठाम समजूत अशी की नेट वरून, उपग्रहातून येतं. मोबाईल हातात धरला की आपले डोळे आपसूक आभाळाकडे जातात. प्रत्यक्षात खंडाखंडांमधली जवळपास सगळी माहिती समुद्राच्या तळाशी पसरलेल्या केबलींतून धावते. मोबाईल टॉवरपर्यंत काय ती हवा, पुढं बहुतेक काच. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अशा कितीतरी आंतरराष्ट्रीय केबली वाळूखालून बाहेर निघतात. खोल समुद्रातली केबल बागेत पाणी घालायच्या नळीएवढीच जाड असते आणि तिच्या पोटात केसासारखे काचेचे तंतू असतात. त्यांतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतो. प्रश्न वर जाऊन खाली, उत्तर वर जाऊन खाली, यातच अर्धा सेकंद खर्ची पडतो. आता कमी उंचीवरचे उपग्रह आलेत आणि दुर्गम भागात ते उपयोगी आहेतच, पण त्यांनाही शेवटी जमिनीवरच्या तारांशी गाठ घालावी लागते. केबल तुटण्याचं खापर शार्कवर फोडायची हौस अनेकांना आहे. बहुतेक वेळा गुन्हेगार जहाजाचा नांगर नाहीतर मासेमारीचं जाळं निघतं. जानेवारी २००८मध्ये इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ केबली तुटल्या आणि भारतातलं नेट रखडलं. रखडलं, पण बंद पडलं नाही. पश्चिमेची वाट अडली तेव्हा वाहतूक पूर्वेकडून वळवली गेली.

हे वळणं जमतं कारण आपला फोटो किंवा मेसेज अख्खा जातच नाही. लग्नाचं वऱ्हाड कसं चार गाड्यांतून, जमेल त्या रस्त्याने निघतं, तसे त्याचे तुकडे निघतात. मुक्कामी पोहोचल्यावर टीसीपी डोकी मोजतो, मागे राहिलेल्याला पुन्हा बोलावून घेतो आणि सगळ्यांना क्रमाने पंगतीला बसवतो. व्हिडिओ कॉलवर मात्र मागे राहिलेल्यासाठी सहसा थांबत नाहीत. म्हणून तिथं मावशींचा चेहरा मध्येच चौकोनी होतो.

आता पत्त्याकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त घोळ इथंच आहे. ‘आयपी पत्ता मिळाला की घर सापडलं,’ हे पोलिसी मालिकांनी पक्कं करून ठेवलंय. पिनकोडशी तुलना केली तर फरक कळतो. संस्कृत पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांची ती योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. पिनकोड जमिनीला चिकटलेला असतो; ४११ म्हटलं की पुणे. आयपी पत्ता नेटवर्कला चिकटलेला असतो. पत्त्यांचे गठ्ठे कंपन्यांना मिळतात आणि कंपनी ते आज इथं, उद्या तिथं वापरते. शिवाय जुन्या पद्धतीचे पत्ते जेमतेम ४३० कोटी. ते पुरेनात, म्हणून एका पत्त्यामागे अनेक मोबाईल ग्राहक उभे केले जातात, आणि घराच्या आतले आकडे तर सगळीकडे सारखेच: १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता साताऱ्यातही सापडेल आणि शिकागोतही. नव्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही६मध्ये, पत्त्यांची ददात नाही. भारत त्यात बराच पुढे आहे.

कोणता ग्राहक कोणत्या क्षणी कुठला पत्ता वापरत होता हे कंपनीची नोंदवही सांगते. नकाशावरची टाचणी हा अंदाज असतो. अमेरिकेतल्या एका कंपनीने ठिकाण न कळलेल्या तिथल्या सगळ्या पत्त्यांसाठी देशाच्या साधारण मध्यावर एक टाचणी टोचली. ती पडली कॅन्सस राज्यातल्या एका शेतावर. ६० कोटींहून जास्त पत्ते त्या एका शेतघराच्या माथी आले. चोरीचे फोन शोधणारे, फसवले गेलेले, पोलीस, सगळे वर्षानुवर्षं तिथं दार वाजवत राहिले. २०१६ साली प्रकार उजेडात आल्यावर कंपनीने टाचणी उचलली आणि एका तलावात टाकली.

वेब आणि इंटरनेट एकच, हाही गैरसमज चालू आहेच. टिम बर्नर्स-ली यांनी वेबचा प्रस्ताव १९८९ साली मांडला, तेव्हा इंटरनेटच्या रस्त्यांवरून ईमेल कधीचे धावत होते.

आणि वायफायच्या पट्ट्या. त्या पूर्ण भरल्या म्हणजे नेट जोरात आहे, असं नाही. फोनला राऊटरचं बोलणं नीट ऐकू येतंय, इतकंच त्या सांगतात. राऊटरच्या पलीकडे तार तुटलेली असली तरी पट्ट्या भरलेल्याच दिसतील. एक ॲप अडलं की दुसरं काही उघडून पाहावं, तेही अडलं तर मग नेटवाल्याचा नंबर शोधावा. त्या सोमवारचे अडकलेले मेसेज पहाटे आपोआप सुटले, राऊटरला कुणी हात न लावता.