पाइपातले घर्षण आणि गवारीचा डिंक

उन्हाळा लागला की वऱ्हाडात घरचे वेळापत्रक नळावर ठरते. अमरावतीचे पाणी मोर्शीजवळच्या सिंभोरा येथील अप्पर वर्धा धरणातून येते, अकोल्याचे महानच्या काटेपूर्णा धरणातून. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात तर विहिरींचे आणि बोअरचे पाणीच खारट. तिथल्या गावांना दुरून जलवाहिनीने येणाऱ्या गोड पाण्याचा आधार. एवढ्या लांब पाणी ढकलायचे म्हणजे पंप आले, विजेचे बिल आले. या विजेचा बराच भाग पाइपातल्या घर्षणावर मात करण्यात खर्च होतो.

हे घर्षण चिमूटभर रसायनाने कमी करता येते, हे विज्ञानाला पाऊणशे वर्षांपासून माहीत आहे. बी. ए. टॉम्स या संशोधकाने १९४८ मध्ये हॉलंडमधील एका परिषदेत ते मांडले. द्रवात अगदी थोडे पॉलिमर, म्हणजे लांब साखळीचे रेणू मिसळले, तर तेवढ्याच दाबाने जास्त द्रव वाहतो.

असे का होते? पाइपातले वेगवान पाणी सरळ वाहत नाही. पाइपाच्या भिंतीजवळ त्यात असंख्य लहान भोवरे उठतात आणि पंपाची ऊर्जा खातात. पॉलिमरचे गुंडाळलेले रेणू त्या ओढाताणीत दोऱ्यासारखे ताणले जातात आणि भोवऱ्यांचा जोर मोडतात. अनुकूल स्थितीत घर्षण ७० ते ८० टक्क्यांपर्यंत घटते. प्रवाह मुळातच संथ असेल, तर मात्र काहीच फरक पडत नाही.

याचा मोठा फायदा तेल उद्योगाने घेतला. अलास्कातील सुमारे १,३०० किलोमीटर लांबीच्या तेलवाहिनीत १९७९ पासून असे पॉलिमर वापरले गेले. पंपाची फिरती पाती या साखळ्या तोडतात, त्यामुळे प्रत्येक पंपाच्या पुढे पॉलिमर नव्याने सोडावे लागते.

मग नळाच्या पाण्यात का नको?

तेल कोणी पीत नाही, पाणी पितात. पाण्यासाठी परिणामकारक असलेल्या पॉलिअॅक्रिलअमाइडमध्ये अॅक्रिलअमाइड हा विषारी घटक किंचित उरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पिण्याच्या पाण्यात तो लिटरमागे अर्ध्या मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावा. पॉलिमरमध्ये हा घटक ०.०५ टक्के आहे आणि लिटरमागे २० मिलिग्रॅम पॉलिमर टाकले, असे धरू. तर तो १० मायक्रोग्रॅम होतो, म्हणजे मर्यादेच्या वीसपट. शुद्धीकरण केंद्रात गाळ बसवण्यासाठी हेच पॉलिमर चालते, पण फार कमी मात्रेत.

दुसरा पर्याय आपल्या ओळखीचा आहे. गवारीच्या बियांपासून मिळणारा डिंक, अर्थात ग्वार गम, हाही घर्षण कमी करतो. तो खाद्यपदार्थांतही वापरतात. पण त्याची मात्रा जास्त लागते आणि जिवाणूंना तो आयते अन्न ठरतो. जलवाहिनीत जिवाणू वाढले की क्लोरीन लवकर संपते आणि पाण्याची सुरक्षितता जाते. खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी ग्वार गमवर पॉलिअॅक्रिलअमाइडच्या फांद्या जोडून पाहिल्या. असा संकरित रेणू जास्त टिकतो. मात्र त्याचा विचार तुषार सिंचनासारख्या कामांसाठी होतो, पिण्याच्या पाण्यासाठी नाही.

साधा उपाय

पिण्याच्या पाण्यासाठी भरवशाचा मार्ग जुनाच आहे. पाण्याचे प्रमाण तेवढेच ठेवून पाइपाचा व्यास फक्त २० टक्क्यांनी वाढवला, तर घर्षणातला तोटा निम्म्याहून कमी होतो. आतला गंज आणि क्षार काढले, तरीही पाणी मोकळे वाहते. आणि गळती थांबवली, तर जे पाणी ढकलायला वीज लागली ते निदान घरापर्यंत पोहोचते. पॉलिमर फक्त वाहणाऱ्या पाण्याचा अडथळा कमी करते. फुटलेली वाहिनी ते सांधत नाही आणि आटलेले धरणही भरत नाही.