शिरोरेघ शेवटी

मे महिन्यातली संध्याकाळ. जगन्नाथ शंकरशेट रस्त्यावरचे हॉर्न गिरगावातल्या खोताच्या वाडीत दोन वळणं आत येईपर्यंत विरून जातात. समोरून कुणी आलं तर एकाने अंग चोरून उभं राहावं, एवढीच इथली गल्ली. लाकडी कठड्याच्या एका जुन्या घराच्या व्हरांड्यात सतरंजी अंथरली आहे आणि तिच्यावर नऊ-दहा मुलं मांडी घालून बसली आहेत. प्रत्येकापुढे स्टीलचं ताट, ताटात बारीक रवा पसरलेला. वही-पेन्सिल अजून कुणाच्या हातात नाही.

"बोट टेकवा. वरून खाली. काठी."

बाई म्हणतात आणि सगळी बोटं रव्यातून खाली सरकतात. ताट हलवलं की काठी पुसली जाते. चुकलं तरी खोडरबर लागत नाही, कागद फाटत नाही, म्हणून कुणी बिचकत नाही. मी कठड्याशी उभा राहून पाहतो आहे.

बाईंनी पहिली-दुसरीचे वर्ग वर्षानुवर्षं शिकवले, आता निवृत्त आहेत. सुट्टीत वाडीतली आणि आसपासच्या चाळींतली मुलं गोळा करतात. बहुतेक मुलं इंग्रजी माध्यमातली. गिरगावात राहून दिवसभर मराठी बोलणारी, पण मराठी लिहायची वेळ आली की गोंधळणारी. त्यांचा गोंधळ कुठे होतो ते बाई मला पाटीवर दाखवतात. इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर उभं राहतं. आपलं अक्षर वरच्या रेघेला लटकतं. चार रेघी वहीत मुरलेलं मूल 'म' काढतं तेव्हा तो खाली टेकवतं आणि वर जेवढी जागा उरेल तेवढ्यात बसवतं. मग एक अक्षर उंच, एक बुटकं. "समोरच्या गॅलरीत बघा," बाई मुलांना सांगतात, "दोरीवर कपडे वाळताहेत ना? लांब असो, आखूड असो, सगळे वरूनच टांगलेत. तशी अक्षरं टांगायची." मुलं माना वळवून दोरीकडे बघतात आणि पुढचा 'म' बरोबर वरून सुरू होतो.

बाई 'अ'पासून सुरुवात करत नाहीत. वर्णमालेत 'अ' पहिला असला तरी हाताला तो अवघड आहे. आधी 'ग', मग 'र', 'स', 'म', 'भ'. त्यानंतर 'व', 'ब', 'क'. एका वळणाची अक्षरं एकत्र. हाताला एक वळण सापडलं की पुढची दोन-तीन अक्षरं त्यातूनच निघतात. 'भ' आणि 'ध' यांची शिरोरेघ डोक्यावर तुटकी ठेवायची, नाही तर 'भ'चा 'म' होतो आणि 'ध'चा 'घ'.

रवा बाजूला होतो, पाट्या येतात. आज वाडीचं नाव लिहायचं आहे. दोन वेण्या घातलेली एक मुलगी मन लावून लिहिते आणि पाटी वर धरते: 'रवोताची वाडी'. मोठी मुलं हसू लागतात. बाई हसत नाहीत. जुन्या वळणात 'ख' असाच निघायचा, 'र' आणि 'व' शेजारी शेजारी. 'खा' आहे की 'रवा' हे शेजारच्या शब्दांवरून ओळखावं लागायचं. म्हणून पुढे 'ख'चे पाय खाली जोडायची पद्धत रूढ झाली. बाई मुलीचं बोट हातात घेतात आणि 'र'चं शेपूट 'व'च्या पोटाखाली नेऊन जोडतात. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा बोट सोडून देतात. अक्षर जमतं.

कोपऱ्यातला एक मुलगा डावरा आहे. त्याची आजी बाजूच्या बाकावरून म्हणते, "बाई, त्याचा हात बदला हो, अजून लहान आहे." बाई हात बदलत नाहीत. त्याची वही उजवीकडे कलती करून ठेवतात, पेन्सिल टोकापासून थोडी वर धरायला लावतात. आता त्याला आपण काय लिहिलं ते दिसतं, मनगट मुडपावं लागत नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. कितीतरी डावऱ्या मुलांनी फटके खाऊन उजवा हात धरला आणि आयुष्यभर लिहिण्याचा कंटाळा केला.

एक आई वही घेऊन येते. शाळेने प्रत्येक शब्द दहा वेळा लिहून आणायला सांगितलंय. बाई पान उघडतात आणि न बोलता पहिल्या ओळीवर बोट ठेवतात, मग दहाव्या. पहिली नेटकी, दहावी वाकडीतिकडी. दुसऱ्या ओळीपासून मूल कित्त्याकडे पाहतच नाही, स्वतःच्याच वरच्या ओळीकडे पाहून लिहितं, आणि वरची चूक खाली उतरत जाते. "सराव दहाव्या ओळीचा झालाय," बाई म्हणतात. त्यांच्या वह्यांत प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला कित्ता आहे आणि ओळी तीनच.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दशक १९ मधला समास १ लेखनक्रियेला दिला आहे. अक्षर गोल, सरळ आणि मोकळं असावं, ओळींत सारखं अंतर असावं, सगळा ग्रंथ एकाच टाकाने लिहिल्यासारखा दिसावा, असं ते सांगतात. अक्षर फार बारीकही नको, कारण तरुणपणी लिहिलेलं म्हातारपणी वाचता आलं पाहिजे. मुलांपुढच्या कित्त्यात हे सगळं आहे.

आता आपापलं वाक्य लिहायचं. ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरातली एक मुलगी आजीच्या बाटली मसाल्याबद्दल लिहिते आहे. 'मिरच्या'शी अडते. बाई सांगतात, "'च'ची काठी काढून घे आणि 'या'ला चिकटव." काठीची अक्षरं अशी अर्धी होतात. शेजारच्याला 'सुट्टी' लिहायची आहे, पण 'ट'ला काढून घ्यायला काठीच नाही. तिथे एकाखाली एक 'ट', किंवा पहिल्याचा पाय मोडायचा. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं तिकडे बाई आत्ता बघतही नाहीत. वाक्य पुरं होऊ दे, मग बघू.

नव्वदीच्या घरातले एक आजोबा खुर्चीवर बसून हे ऐकत आहेत. मुलं आधी अक्षरं काढतात आणि शेवटी रेघ ओढतात हे त्यांना पटत नाही. "आमचे मास्तर आधी रेघ ओढायला लावायचे."

"आजोबा, ती मोडी. ही बाळबोध."

आजोबांचं खरं आहे. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढून घेत आणि मग हात फारसा न उचलता तिच्याखाली अक्षरं लिहीत जात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळेत मोडी शिकवत, म्हणजे त्यांच्या लहानपणी होतीच. बाई त्यांच्याकडे पाटी देतात. हात थरथरतो, पण रेघ सरळ येते आणि तिच्याखाली त्यांचं नाव उमटतं. मुलं पाटीभोवती गर्दी करतात. कुणालाच वाचता येत नाही. मसाल्यावर लिहिणारी मुलगी विचारते, "हे आम्हाला शिकवाल?" आजोबा हो म्हणतात.

मग मुलं आपापल्या वाक्याकडे वळतात आणि डावीकडून उजवीकडे, अख्ख्या शब्दावर एकच शिरोरेघ ओढतात.

जूनच्या मध्याला शाळा उघडतील. घरात पहिली-दुसरीतलं मूल असेल तर त्याला दहा-दहा ओळी लिहायला बसवून स्वयंपाकघरात निघून जाऊ नका. तीन ओळी पुरेत. प्रत्येक ओळीला कित्ता द्या आणि त्या तीन ओळी होईपर्यंत शेजारी बसा.