पाव फुगवणारं यीस्ट बाळाच्या लसीपर्यंत कसं पोहोचलं?

वडापावातला पाव, बिअरवरचा फेस आणि जन्मानंतर २४ तासांच्या आत बाळाला दिली जाणारी हिपॅटायटिस बीची लस. या तिन्हींचा एकमेकांशी काय संबंध? तिन्हींमागे राबणारा जीव एकच आहे, तो म्हणजे यीस्ट.

यीस्ट म्हणजे नक्की काय?

अनेकांना यीस्ट म्हणजे सोड्यासारखी एखादी पावडर वाटते. प्रत्यक्षात ती एकपेशीय बुरशी आहे. तिची एक पेशी मिलिमीटरच्या साधारण दोनशेव्या भागाएवढी असते. पाकिटातले कोरडे दाणे म्हणजे झोपी गेलेल्या जिवंत पेशी. कोमट पाणी आणि साखर मिळाली की त्या जाग्या होतात. पाणी उकळतं असेल तर मात्र त्या मरतात आणि पीठ फुगत नाही.

पाव आणि बिअर, काम एकच

यीस्ट साखर खातं आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड व अल्कोहोल तयार होतं. यालाच किण्वन म्हणतात. पिठात हा वायू ग्लुटेनच्या लवचिक जाळ्यात अडकतो, म्हणून पाव फुगतो. अल्कोहोल भट्टीत बहुतेक उडून जातं. बिअरमध्ये मात्र तेच हवं असतं. गोव्यात तर पूर्वी पाव फुगवायला माडाची ताडी वापरली जायची, कारण ताडीत यीस्ट आपोआपच असतं.

माणूस हजारो वर्षं यीस्ट वापरत होता, पण ते जिवंत आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लुई पाश्चर यांनी किण्वन हे जिवंत यीस्टचं काम असल्याचं दाखवलं. पुढे १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं. त्यामुळे भलतंच यीस्ट शिरून बिअर बिघडणं टाळता येऊ लागलं.

शास्त्रज्ञांना यीस्ट का आवडतं?

आपल्या पेशीप्रमाणेच यीस्टच्या पेशीतही केंद्रक असतं. शिवाय पोषक वातावरणात ती साधारण दीड तासात दुप्पट होते. त्यामुळे जे प्रयोग माणसावर करता येत नाहीत, ते यीस्टवर करता येतात. पेशींचं विभाजन कोणती जनुकं नियंत्रित करतात, हे लेलँड हार्टवेल यांनी यीस्टमध्ये शोधलं. हे नियंत्रण सुटणं म्हणजेच कर्करोग. या विषयातल्या कामासाठी त्यांना पॉल नर्स आणि टिम हंट यांच्यासोबत २००१ चं नोबेल मिळालं.

आणि लस?

हिपॅटायटिस बीची पहिली लस बाधित लोकांच्या रक्तातून काढावी लागे. मग शास्त्रज्ञांनी या विषाणूच्या बाहेरच्या आवरणातलं प्रथिन बनवणारं जनुक यीस्टमध्ये घातलं. यीस्ट वाढत गेलं आणि ते प्रथिनही बनवत गेलं. अशी लस अमेरिकेत १९८६ मध्ये मंजूर झाली. ती बनवणारं यीस्ट पावात असतं त्याच जातीचं होतं. भारतात १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने यीस्टच्याच दुसऱ्या जातीपासून देशी लस आणली. तोपर्यंत महागड्या परदेशी लशीवर अवलंबून राहावं लागत होतं.

ही लस सुरक्षित आहे का?

या लशीत विषाणू नसतो, फक्त शुद्ध केलेलं प्रथिन असतं. त्यामुळे लशीमुळे हिपॅटायटिस होऊ शकत नाही. यीस्टची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्यांनी मात्र ही लस घेण्याआधी डॉक्टरांना तसं सांगणं गरजेचं आहे. इतर बाळांसाठी पहिला डोस जितका लवकर मिळेल तितका चांगला. कारण बाळंतपणात आईकडून बाळाला होऊ शकणारा संसर्ग रोखण्याची संधी याच पहिल्या काही तासांत असते.