समुद्राखालचे भासमान थर

जोयडा तालुक्यात उगम पावणारी काळी नदी सुपा धरण मागे टाकून कारवारला अरबी समुद्राला मिळते. तिथून पश्चिमेला समुद्रतळाखाली केरळ-कोकण खोरे पसरले आहे. वर गाळाचे थर, खाली बसाल्ट. बसाल्टच्याही पोटात तेल-वायू साठवणारे जुने गाळाचे खडक आहेत का, याचा शोध ध्वनिलहरींनी घेतात. त्यातच मोठा चकवा आहे.

सर्वेक्षणाचे जहाज एअरगनमधून दाबलेली हवा सोडते. तिच्या ध्वनिलहरी थरांवरून परावर्तित होतात आणि जहाजामागच्या लांब केबलमधले हायड्रोफोन त्या टिपतात. मात्र वर आलेली लहर पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून पुन्हा खाली जाते आणि तळावरून परत फिरते. उशिरा पोहोचलेली ही लहर नोंदीत आणखी खोल थरासारखी उमटते. हाच ‘मल्टिपल’.

तो ओळखायची पहिली खूण वेळेची. मुंबई हायवर पाणी सुमारे 75 मीटर खोल आहे. पाण्यात ध्वनी सेकंदाला साधारण 1500 मीटर धावतो, म्हणजे जाऊन-येऊन 0.1 सेकंद. तितक्याच अंतराने नकला येत राहतात आणि पृष्ठभागावरच्या प्रत्येक आपटीत लहर उलटी होते. खोल समुद्रात तळ 2 सेकंदांवर दिसत असेल, तर त्याचा मल्टिपल 4 सेकंदांवर दिसतो. तळ उतरता असेल, तर मल्टिपलचा उतार जवळपास दुप्पट भरतो.

दुसरी खूण वेगाची. खोलवरची लहर वेगवान खडकांतून येते, मल्टिपल मात्र बराच काळ पाण्यातच घुटमळतो. त्यामुळे दूरच्या हायड्रोफोनवर तो अधिक उशिरा पोहोचतो. खऱ्या थराचा वेग धरून दुरुस्ती केली की तो थर सरळ रेषेत येतो, मल्टिपल वाकडाच राहतो.

पाण्यातल्या या घुमण्यावर मिलो बॅकस यांनी 1959 मध्ये गणिती उपाय मांडला. पुढे डेल्फ्टच्या बर्खहाउट आणि फर्शूर यांनी मूळ नोंदींवरूनच मल्टिपलचे भाकीत करून ते वजा करण्याची पद्धत विकसित केली.

बसाल्टखाली मात्र कसोटी लागते. त्याच्या माथ्यावरूनच बरीच ऊर्जा परतते, खालून येणारा संकेत क्षीण असतो. वजाबाकी कमी पडली तर भास उरतो, जास्त झाली तर खरा थरही पुसला जातो. म्हणून विहीर खोदण्याचा निर्णय घेताना वजाबाकीआधीचे चित्र, नंतरचे चित्र आणि वजा केलेला भाग, तिन्ही शेजारी ठेवून तपासायलाच हवेत.