नव्याच्या सणाचं ताट

अलिबागच्या आसपासच्या गावांत एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. तेल गाळणारी, पण शनिवारी घाणा बंद ठेवणारी काही कुटुंबं तिथे राहत होती. बोली मराठी, पेहराव मराठी, आडनावं नवगावकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर. गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. दावीद राहाबी नावाचे एक ज्यू गृहस्थ तिथे आले आणि हे आपलेच धर्मबांधव असावेत, असं त्यांना वाटू लागलं. खात्री करून घेण्यासाठी त्यांनी घरातल्या बायकांना निरनिराळे मासे रांधायला दिले. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे तेवढे निवडले, बाकीचे बाजूला सारले. तोरा या ज्यू धर्मग्रंथाचा नेमका हाच नियम आहे. राहाबींचा काळ कोणता, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण हायम सॅम्युएल किहीमकर यांनी लिहिलेल्या आणि 1937 साली तेल अवीवमध्ये छापल्या गेलेल्या बेने इस्रायलांच्या, म्हणजे याच समाजाच्या, इतिहासात ही गोष्ट नोंदलेली आहे. धर्मग्रंथ हाताशी नसतानाही या बायकांनी धर्म स्वयंपाकघरात राखला होता.

महाराष्ट्रातले बेने इस्रायल आज सणाच्या जेवणाचा बेत आखतात, तेव्हाही धर्माची पहिली आठवण चुलीपाशीच होते. वर्षातला मोठा बेत असतो ‘नव्याच्या सणा’चा, म्हणजे ज्यू नववर्षाचा, रोश हशानाचा. हा सण तिश्री महिन्याच्या पहिल्या दोन दिवसांत येतो. ज्यू महिना आपल्या महिन्यासारखाच अमावास्येनंतर सुरू होतो आणि ज्यू पंचांगातही अधिक महिना असतो. त्यामुळे हा सण मराठी घरांतल्या सणासुदीच्या दिवसांतच पडतो. 2025 साली 22 सप्टेंबरला घटस्थापना झाली आणि त्याच संध्याकाळी ज्यू वर्ष 5786 लागलं. 2026 साली 5787 हे वर्ष 11 सप्टेंबरच्या संध्याकाळी सुरू होतं, आणि 14 तारखेला गणपती बसतात.

बेताची सुरुवात एकाच प्रश्नाने होते: मटण करायचं की दुधाचं? मांस आणि दूध एकत्र शिजवू नये, एका जेवणात खाऊ नये, हा कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांनुसारच्या, स्वयंपाकाचा पाया आहे. करडाला त्याच्या आईच्या दुधात शिजवण्याची मनाई तोरात तीन ठिकाणी आली आहे, आणि धर्मपंडितांनी तिच्यावरून हा सगळा नियम उभा केला. मटण ठरलं की दही, ताक, तूप, लोणी, बासुंदी, श्रीखंड सगळंच पानातून बाद होतं. पोळीला तेल लावायचं, भातावर तूप वाढायचं नाही, जेवणानंतरचा चहा बिनदुधाचा. मांस खाल्ल्यावर दुधाला हात लावण्याआधी अनेक घरांत सहा तास थांबतात. कडक पाळणाऱ्या घरांत भांडीही दोन जोडांची असतात, एक मटणाची आणि एक दुधाची.

मग मटणाच्या जेवणावर गोड काय करायचं?

कोकणाने याचं उत्तर दिलं ते नारळाचं. नारळाचं दूध हे दुधाचं सगळं काम करतं आणि नियमाच्या लेखी दूध नसतं. कोथिंबीर, हिरवी मिरची, आलं, लसूण यांच्या हिरव्या वाटणात शिजलेल्या मटणाला तेच दाटपणा देतं, भातात तेच पडतं आणि शेवटच्या गोडातही तेच असतं. जगातल्या इतर ज्यूंना मटणाच्या जेवणानंतर गोडाची अडचण पडते. रायगडच्या किनाऱ्यावरच्या घरांत परसातच माड होता. बेने इस्रायलांची पक्वान्नं पाहिली तर त्यांतली बहुतेक याच एका सोयीतून जन्मलेली दिसतात.

त्यांतलं सगळ्यांत मानाचं म्हणजे नव्याच्या सणाचा चिकाचा हलवा. पाचोरा, भडगाव, जामनेरकडच्या वाचकाला चीक काय असतो हे सांगायला नको. उन्हाळ्यात कुरडयांसाठी खानदेशात घरोघरी गहू तीन दिवस भिजत पडतात, रोज पाणी बदललं जातं, मग ते वाटून, पिळून, गाळून चीक खाली बसू देतात. हलव्याची पहिली पायरी हीच. वरचं पाणी सावकाश ओतून टाकायचं आणि तळाशी राहिलेला पांढरा घट्ट चीक घ्यायचा. खानदेशात तो मीठ-हिंग घालून शिजतो आणि सोऱ्यातून खाटेवरच्या कापडावर उतरतो. बेने इस्रायलांच्या घरी तो नारळाच्या जाड दुधात आणि साखरेत पडतो.

इथून पुढे काम दंडाचं आहे. जाड बुडाचं पातेलं, मंद आंच आणि अखंड ढवळणं. पहिला बराच वेळ काही होत नाही, सगळं पातळच दिसतं. मग तळाला गुठळ्या धरू लागतात, तेव्हा हात थांबला तर हलवा लागलाच. घरात माणसं असतील तर पाळ्या लावतात. हळूहळू मिश्रण चकाकू लागतं, नारळाचं तेल कडेने सुटतं आणि गोळा पातेल्याची बाजू सोडतो. वेलची-जायफळ घालून, गुलाबी किंवा हिरवा रंग देऊन तो ताटात ओततात, वर बदाम-पिस्त्याचे काप दाबतात आणि गार झाल्यावर वड्या पाडतात. हल्ली वेळ वाचवण्यासाठी बरीच कुटुंबं चायना ग्रास वापरतात. त्याची वडी लवकर होते, पण चिकाच्या हलव्याचा चिवट लुसलुशीतपणा तिला येत नाही.

हलवा दोन-तीन दिवस आधी होतो, हे बेत आखणाऱ्याच्या पथ्यावर पडतं. कारण सणाच्या आदल्या दिवशी बाकीची धांदल असते, आणि मटण हे त्यातलं सगळ्यांत वेळखाऊ. जनावर जाणकार माणसाने धर्माच्या रीतीने कापलेलं असावं लागतं. मग घरी मांस अर्धा तास पाण्यात ठेवायचं, मीठ लावून तासभर निथळू द्यायचं आणि तीनदा धुवायचं, म्हणजे रक्ताचा अंश राहत नाही. कलेजीचं मिठाने भागत नाही, ती विस्तवावरच भाजावी लागते. मुंबई-ठाण्यात सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळाच्या, आधाराने असं मटण मिळवता येतं. रेल्वे, पोस्ट, पोलीस, लष्कर अशा नोकऱ्यांमुळे बेने इस्रायल कुटुंबं लहान लहान गावांत पांगली, तिथे ही सोय कुठली? अशा वेळी मासे आणि भाजीपाल्यावर सण साजरा होतो. खवल्यांचा मासा, कोकम, नारळाचं दूध, भात. नियमही सांभाळला जातो आणि पानही भरतं.

जेवणाची सुरुवात मात्र मटणाने किंवा माशाने होत नाही. आधी किद्दुश, म्हणजे पेल्यावरचा आशीर्वाद. त्यासाठी द्राक्षाचा रस लागतो. कोकणात द्राक्षाची दारू मिळत नसे, म्हणून काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून केलेलं सरबत रूढ झालं आणि ते आजही टिकून आहे. त्यानंतर शकुनाचे पदार्थ. बेने इस्रायल सेफार्दी रीत मानतात आणि त्या रीतीत नव्या वर्षाच्या पहिल्या घासांना अर्थ असतो. डाळिंब घेताना त्याच्या दाण्यांइतकं पुण्य मागायचं. खजूर, चवळी, भोपळा, पातीचा कांदा, बीटाचा पाला, प्रत्येकाबरोबर एक छोटी प्रार्थना. माशाचं किंवा बोकडाचं डोकं ठेवतात, ते आपण पुढे राहावं, शेपटीला जाऊ नये म्हणून. सफरचंदाची फोड मधात बुडवून वर्ष गोड जावं अशी इच्छा करतात. सप्टेंबरात ही यादी घेऊन पाचोऱ्याच्या बाजारात गेलं तर एकाच फेरीत सगळी पिशवीत पडेल.

बेतात आणखी एक हिशेब असतो, वेळेचा. सणाच्या दिवशी नवा विस्तव पेटवायचा नाही, पण आधीपासून जळत असलेल्या विस्तवावर त्या दिवसापुरतं रांधता येतं. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत, रांधायलाच मनाई. 2026 साली नव्याच्या सणाचा पहिला दिवस नेमका शब्बाथलाच येतो. म्हणजे शुक्रवारी रात्रीचं आणि शनिवारी दुपारचं, दोन्ही जेवणं शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत तयार हवीत. त्या वर्षी तळणीचे पदार्थ टाळलेले बरे, कारण ते गार झाले की उतरतात. मुरल्यावर चव वाढणारा मटणाचा रस्सा, नारळाचा भात, चवळीची उसळ, भोपळ्याची भाजी, काकडीची कोशिंबीर (दह्याऐवजी लिंबू पिळून) आणि आधीच केलेला हलवा, असा बेत दोन वेळांना पुरतो. दुसऱ्या दिवसाचा ताजा स्वयंपाक शनिवारी अंधार पडल्यावर, तेवत्या विस्तवावरून चूल लावून करायचा.

सण इथेच संपत नाहीत. जुन्या काळी नव्याच्या सणापाठोपाठ ‘खिरीचा सण’ येई, त्यात नव्या धान्याची खीर होई, तीही नारळाच्या दुधातली. दहाव्या दिवशी योम किप्पूर, बेने इस्रायलांचा ‘दारफळणीचा सण’, दिवसभराचा कडक उपास. त्याच्या सुमारास रव्याचं गोड सारण भरलेल्या पुऱ्या होतात. आखाजीला सांजोऱ्या करणाऱ्या खानदेशी सुगरणीला त्या ओळखीच्याच वाटतील. पुरीम या ज्यू सणाला ते ‘होळीचा सण’ म्हणत आणि त्या दिवशी पुरणपोळी करत. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा उपास तर ‘बिरड्याचा रोजा’ या नावानेच ओळखला गेला, कारण जेवणात वालाचं बिरडं असे. हिब्रू नावं मागाहून रुळली. ही घरची नावं बरीचशी ताटावरून पडलेली होती.

विसाव्या शतकाच्या मध्यावर बेने इस्रायलांची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. इस्रायल 1948 मध्ये स्थापन झाल्यावर बहुसंख्य कुटुंबं तिकडे गेली, आणि आता महाराष्ट्रात त्यांची संख्या काही हजारांवर आली आहे. 2016 साली राज्य सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. दिमोना, लोद, अश्दोद अशा शहरांत आता मराठी घरं आहेत. बेने इस्रायल लेखिका एस्थर डेव्हिड यांच्या ‘बुक ऑफ रेचल’ या कादंबरीला 2010 सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कोकणातलं सिनेगॉग एकटीने सांभाळणाऱ्या वृद्ध बाईची ही कथा, आणि तिचं प्रत्येक प्रकरण एका पाककृतीने उघडतं. एवढ्या लहान समाजाचं लेखन स्वयंपाकाभोवती फिरतं, कारण पंचांग, नियम, भाषा आणि नातेवाईक हे सगळं तिथेच एकत्र येतं. सासूच्या हाताखाली हलवा ढवळताना सून जे शिकते, ते कुठल्या शाळेत मिळत नाही, आणि घरातली माणसं पांगली की ते सगळ्यांत आधी तुटतं. म्हणून हा बेत, त्यातल्या मापांसकट, आता लिहून ठेवायला हवा.

दुसऱ्या रात्रीसाठी एक रीत उरते. या मोसमात अजून चाखलेलं नाही असं एखादं फळ त्या जेवणात ठेवतात आणि नवं वर्ष, नवं फळ दोन्ही दाखवल्याबद्दल देवाचे आभार मानतात. मुंबईत त्यासाठी दुकानात शोधाशोध करावी लागते. खानदेशात कुणी हा सण केला, तर तोवर बाजारात यायला लागलेलं सीताफळ त्या ताटात सहज बसेल, आणि मटणानंतरही चालेल.