कुर्ल्याहून झांबियाला

महापालिकेच्या नकाशात ‘एल’ विभाग म्हणजे कुर्ला, चुनाभट्टी, साकीनाका, चांदिवली. अंधेरी आणि घाटकोपरच्या मधली ही दाटीची पट्टी. २००१ च्या सुमाराला इथल्या पालिका शाळांत एक प्रयोग सुरू होता. तिसरी-चौथीच्या वर्गात मागे पडलेली पंधरा-वीस मुले बाजूला घ्यायची, रिकामी खोली असेल तर खोलीत, नाहीतर व्हरांड्यात किंवा मैदानात बसवायची, आणि वस्तीतल्याच एका तरुणीने त्यांना रोज दोन तास वाचन आणि गणित शिकवायचे. तिला म्हणत बालसखी. शिक्षण बहुधा शाळेपुरते, प्रशिक्षण सुरुवातीला दोन आठवडे, मानधन महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये.

परदेशातल्या संस्थांनी साक्षरता आणि अंकज्ञानासाठी दिलेली अनुदाने म्हटली की ज्ञान तिकडून इकडे येते असे धरून चालायची आपली सवय आहे. बालसखीची गोष्ट उलट्या दिशेची आहे.

कल्पना होती ‘प्रथम’ या संस्थेची. १९९४ मध्ये युनिसेफ, मुंबई महापालिका आणि शहरातली काही मंडळी यांनी मिळून ती उभी केली. तिच्या मुळाशी दोन माणसे: माटुंग्याच्या यूडीसीटी या रासायनिक तंत्रज्ञान विभागात रसायनशास्त्र शिकवणारे माधव चव्हाण आणि निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या फरीदा लांबे. चव्हाण अमेरिकेत डॉक्टरेट करून परतलेले. वडील यशवंत चव्हाण लाल निशाण पक्षाचे. घरात चळवळ आणि हातात प्रयोगशाळा, असा योग तसा दुर्मीळच. सुरुवात झोपडपट्टीतल्या बालवाड्यांपासून झाली. देवळात, कार्यालयात, कुणाच्या घरात, जिथे जागा मिळेल तिथे त्या भरत. पुढे लक्षात आले की शाळेत नाव असलेल्या मुलांनाही वाचता येत नाही, आणि बालसखी आली.

इथे परदेशी पैसा आणि परदेशी विद्यापीठ कामाला आले, पण शिकवायला नव्हे, मोजायला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडन या अर्थतज्ज्ञांनी मुंबई आणि वडोदऱ्यात चिठ्ठ्या टाकाव्यात तशी शाळांची निवड केली. काही शाळांत तिसरीला बालसखी दिली, काहींत चौथीला, आणि दोन्हींची तुलना केली. निकाल २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. बालसखी मिळालेल्या शाळांतल्या मुलांची प्रगती स्पष्ट दिसत होती आणि दुसऱ्या वर्षी परिणाम पहिल्या वर्षाच्या दुप्पट होता. खर्च मुलामागे वर्षाला सव्वादोन डॉलर, म्हणजे तेव्हाचे शंभरेक रुपये.

अभ्यासातली खरी गंमत मात्र वेगळीच. मागे पडलेली मुले बाहेर गेल्याने मूळ वर्गातली गर्दी कमी झाली होती. त्या उरलेल्या मुलांना लाभ व्हायला हवा होता. तो दिसलाच नाही. वर्ग लहान केला की शिक्षण सुधारते या आपल्या लाडक्या समजुतीला हा चांगलाच धक्का होता. फरक पडला तो मुलाला त्याच्या पातळीचे शिकवल्याने. ज्याला हातच्याची वजाबाकी येत नाही त्याच्यापुढे भागाकार मांडून काय साधणार? अर्थात कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात बराचसा लाभ ओसरला, हेही त्याच अभ्यासात आहे. देणगीदारांच्या रंगीत अहवालांत ही ओळ सहसा सापडत नाही.

पातळीनुसार शिकवायचे तर आधी पातळी कळायला हवी. त्यासाठी प्रथमने एक साधी चाचणी वापरली: अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल जिथे अडखळेल ती त्याची पायरी. गणितात अंक ओळखण्यापासून हातच्याच्या वजाबाकीपर्यंत आणि पुढे तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्यापर्यंत. एका मुलाला काही मिनिटे पुरतात. २००५ पासून याच चाचणीवर मुलांना किती वाचता-मोजता येते हे सांगणारा ‘असर’ अहवाल उभा आहे, आणि तीच पद्धत पाकिस्तान, पूर्व आफ्रिका, मेक्सिकोपर्यंत गेली.

शिकवण्याची पद्धतही अशीच परदेशी गेली. झांबियाच्या सरकारने २०१६ मध्ये ८० शाळांत ‘कॅच अप’ नावाने ती करून पाहिली. तिसरी ते पाचवीची मुले, इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणे गट. पैसा अमेरिकेच्या यूएसएआयडीचा आणि युनिसेफचा, व्यवस्थेला बेल्जियमची संस्था, मार्गदर्शन प्रथमचे आणि बॅनर्जी-डुफ्लोंच्या जे-पॅल या संशोधन संस्थेचे. झांबियातल्या शाळांत बेंबा, न्यांजा, टोंगा अशा सात स्थानिक भाषा शिकवायला वापरतात. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांत शाळा चालवणाऱ्या मुंबई महापालिकेत वाढलेल्या पद्धतीला हे नवे नव्हते. कुठलेही एक पाठ्यपुस्तक तिथे पाठवले असते तर ते गोदामात पडले असते. पुढे आफ्रिकेतल्या विस्तारासाठी को-इम्पॅक्ट या देणगीदारांच्या समूहाने मोठे अनुदान दिले. अशा प्रयोगांवरच्या कामासाठी २०१९ मध्ये बॅनर्जी, डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

अनुदान कसे दिले जाते यावरही बरेच ठरते. सफीना हुसेन यांच्या ‘एज्युकेट गर्ल्स’ने २०१५ ते २०१८ मध्ये राजस्थानातल्या भिलवाड्यात वेगळी तऱ्हा अनुभवली. यूबीएस ऑप्टिमस फाउंडेशनने आधी पैसे घातले. निकाल लागले तरच लंडनचे चिल्ड्रन्स इन्व्हेस्टमेंट फंड फाउंडेशन ते व्याजासकट परत करणार, आणि निकाल तपासणार तिसरीच संस्था. दुसऱ्या वर्षाअखेर शिकण्याचे उद्दिष्ट निम्म्यापाशी रेंगाळत होते. मग मुलांचे गट पातळीप्रमाणे पाडले, गैरहजर मुलांच्या घरी जाऊन शिकवले. शेवटी उद्दिष्टाच्या १६० टक्के प्रगती झाली. मधल्या काळात मार्ग बदलण्याची मोकळीक होती म्हणून हे जमले. वह्या-दप्तरांच्या संख्येवर बांधलेल्या अनुदानात संस्था तीन वर्षे वह्याच वाटत राहते.

उपनगरातल्या पालकाला या सगळ्यातून काय दिसते? फारसे काही नाही. ‘असर’ हे ग्रामीण सर्वेक्षण आहे. मुंबई त्यात येतच नाही. भांडुप किंवा मालवणीच्या वस्तीतली किती मुले दुसरीची गोष्ट वाचतात, हे गडचिरोलीच्या मुलांइतके सहज वाचायला मिळत नाही. केंद्राच्या ‘परख’ सर्वेक्षणात जिल्ह्यांचे आकडे असतात, पण मुंबई उपनगर हा वांद्र्यापासून दहिसर-मुलुंडपर्यंतचा एकच जिल्हा. वस्तीगणिक बदलणारे चित्र त्या सरासरीत बुडते.

लहान संस्थांची अडचण आणखी वेगळी. पूर्वी मोठी संस्था परदेशी अनुदान घेऊन त्यातला वाटा घाटकोपर-विक्रोळीच्या एखाद्या वस्तीत काम करणाऱ्या लहान संस्थेला देऊ शके. परदेशी देणग्यांचे नियमन करणाऱ्या एफसीआरए कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने ही वाट बंद केली: परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली, आणि पैसा आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा व्हावा लागतो. परकीय पैशावर नजर हवी, याबद्दल वाद नाही. पण नोंदणीसाठी तीन वर्षांचे काम आणि त्या काळात किमान १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो, आणि चार शिक्षिकांच्या बळावर चालणाऱ्या वर्गाला हा उंबरठा फार उंच आहे. अशा संस्था मग कंपन्यांच्या सीएसआर निधीकडे वळतात. तिथे अनेकदा मंजुरी एका आर्थिक वर्षापुरती मिळते आणि एप्रिल उजाडला की पुन्हा नवा अर्ज लिहायला बसावे लागते.